परभाषेतले प्रेमपट थंड का वाटतात? कुठून सुरुवात करावी, कसे पाहावेत?

प्राजक्त_सडा

हिंदी-मराठी प्रेमपट भरपूर पाहून झालेत. आता बाहेरच्या भाषांमधले पाहायला सुरुवात केली आहे. ज्यांची नावं प्रत्येक यादीत असतात असे पाच-सहा पाहिले. छायाचित्रण सुंदर, संगीत सुंदर, पण दोघं एकमेकांच्या प्रेमात नेमके कधी पडले तेच लक्षात येत नाही. ‘इन द मूड फॉर लव्ह’ अर्ध्यावर सोडला. काही घडतच नाही असं वाटत राहिलं. पण इतकी माणसं त्यावर जीव टाकतात, म्हणजे पाहण्यातच काहीतरी चुकत असणार.

प्रश्न असे:

१. प्रेमपट पाहताना नेमकं कशाकडे लक्ष द्यावं?
२. डब केलेला पाहावा की सबटायटलसह?
३. कोणत्या क्रमाने पाहावेत?
४. लॅपटॉपवर सबटायटल आधी बरोबर असतात आणि तासाभराने माणूस बोलायच्या कितीतरी आधी किंवा नंतर येतात. हे का होतं?

नुसती नावांची यादी नको, कारणंही सांगा. शेवट फोडणार असाल तर आधी सूचना द्या.

---

तिसरी_घंटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

प्रेम कधी जडलं ते कळत नाही, याचा दोष बहुतेक वेळा चित्रपटाचा नसतो, इंग्रजी सबटायटलचा असतो. सबटायटल म्हणजे भाषांतराचा सारांश. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि वाचायला जास्तीत जास्त सहा-सात सेकंद, एवढ्या चौकटीत ते बसवावं लागतं. त्यात सगळ्यात आधी कापलं जातं ते संबोधन. प्रेमकथेत तर संबोधनातच सगळं असतं.

इंग्रजीत ‘यू’ एकच. आपल्याकडे तसं नाही. लग्न ठरलेल्या दोघांमध्ये ‘तुम्ही’चं ‘तू’ कोणत्या दिवशी झालं हे घरातल्या सगळ्यांच्या कानाला कळतं, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. फ्रेंच, फारसी, रशियन, जर्मन, स्पॅनिश, कोरियन, जपानी या सगळ्या भाषांमध्ये हा फरक आहे आणि तिथले प्रेक्षक त्याच कानाने चित्रपट ऐकत असतात. मराठी माणसाकडे तो कान जन्मापासून आहे. इंग्रजी वाचताना आपण तो बंद करून ठेवतो.

भाषा शिकायची गरज नाही. प्रत्येक भाषेतले दोन-तीन आवाज ओळखता आले की पुरे:

फ्रेंच: ‘वू’ म्हणजे तुम्ही, ‘त्यू’ म्हणजे तू.
फारसी: ‘शोमा’ आणि ‘तो’.
रशियन: ‘वी’ आणि ‘ती’.
जर्मन: ‘झी’ आणि ‘दू’.
स्पॅनिश: ‘उस्तेद’ आणि चक्क ‘तू’.
कोरियन: इथे सर्वनामाऐवजी वाक्याचा शेवट ऐकायचा. अदबीने बोलताना वाक्य बहुधा ‘यो’वर संपतं. ज्या प्रसंगात हे ‘यो’ गळून पडतं तिथे नातं बदललेलं असतं.
जपानी: वाक्याच्या शेवटचे ‘देस’, ‘मास’ आणि नावापुढचं ‘सान’. हे गळायला लागले की अंतर कमी झालं समजा.

आता उदाहरण. (पुढच्या परिच्छेदात शेवटाजवळच्या एका वाक्याचा उल्लेख आहे.)

सेलीन सियामा यांचा ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ (२०१९). अठराव्या शतकातला, फ्रान्समधल्या ब्रिटनीचा किनारा, एक चित्रकार स्त्री आणि जिचं चित्र काढायचं ती तरुणी. दोघी एकमेकींना ‘वू’ म्हणतात. जवळीक वाढते तरी ‘वू’च. मग निरोपाच्या क्षणी मागून एकच वाक्य येतं, ‘रतूर्न-त्वा’. इंग्रजीत ‘टर्न अराउंड’. आपल्या कानाला ते ‘वळा’ आहे की ‘वळ’ आहे याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि ते ‘वळ’ आहे. इंग्रजी ओळ वाचून पुढे गेलेल्या प्रेक्षकाला हा क्षण मिळतच नाही. या चित्रपटाला वरून लावलेलं पार्श्वसंगीत नाही, जे संगीत आहे ते प्रसंगातच वाजतं किंवा गायलं जातं. त्यामुळे श्वास, कापडाची सळसळ, कॅनव्हासवर फिरणारा कोळसा हेच ऐकायचं असतं. टीव्हीच्या स्पीकरवर ते हरवतं, हेडफोन लावा.

दुसरी गोष्ट, प्रेमाची कबुली. सबटायटलमध्ये ‘आय लव्ह यू’ आलं की थांबून विचार करा, मूळ शब्द काय होता? जपानीत बहुतेक वेळा ‘सुकी’ असतं, म्हणजे ‘आवडतेस’. ‘आइशितेरु’ हा फार जड शब्द, रोजच्या बोलण्यात क्वचित येणारा. कोरियनमध्ये ‘चोआहे’ आणि ‘सारांघे’ यांच्यात असाच फरक. फ्रेंचमध्ये तर गंमत अशी की ‘ज तेम’ म्हणजे प्रेम आहे, आणि त्यालाच ‘ब्यां’ जोडून ‘ज तेम ब्यां’ म्हटलं की अर्थ पातळ होतो, ‘बरा वाटतोस मला’ इतकाच उरतो. स्पॅनिशमध्ये ‘ते किएरो’ आणि ‘ते आमो’. मराठीतही ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य पुस्तकी वाटतं. खरी माणसं ‘तू आवडतोस मला’ म्हणतात, किंवा ‘पोचलास की फोन कर’ म्हणतात. तोच न्याय पडद्यावरच्या माणसांना लावा.

आता तुम्ही सोडलेल्या चित्रपटाकडे. ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००), वाँग कार-वाई. १९६२चं हाँगकाँग, एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी भाड्याच्या खोल्या. नायक तिला ‘मिसेस चॅन’ म्हणतो, ती त्याला ‘मिस्टर चाऊ’. चॅन हे तिच्या नवऱ्याचं आडनाव. म्हणजे तो तिला हाक मारतो तेव्हा दर वेळी तिच्या नवऱ्याचं नाव त्याच्या तोंडात येतं. हे एकदा लक्षात ठेवलं की प्रत्येक हाक टोचायला लागते. दोघांच्या जोडीदारांचे चेहरे दाखवलेलेच नाहीत, फक्त पाठ आणि आवाज. तुम्ही चेहऱ्याची वाट पाहत बसला असाल तर तिथेच घोटाळा झाला. आणि काळ किती गेला हे सांगायला पाट्या जवळजवळ नाहीत. तिचा चाँगसाम, म्हणजे तो उंच गळ्याचा अंगाबरोबरचा पोशाख, बदलला की दिवस बदलला. एकाच जिन्यावरचे, एकाच गल्लीतले प्रसंग सलग जोडलेले आहेत. पोशाख पाहिला नाही तर सगळं एकाच संध्याकाळी चाललंय असं वाटतं, आणि मग ‘काही घडतच नाही’ असंही वाटतं. घडतं भरपूर. ते कपड्यांवर, जेवणाच्या डब्यावर आणि जिन्यातल्या दिव्यावर लिहिलेलं आहे.

अजून एक. त्यातली घरमालकीण शांघायची बोली बोलते, नायक-नायिका कॅंटनीज बोलतात. सबटायटलमध्ये सगळं इंग्रजीच. शांघायहून आलेल्या लोकांची ती वसाहत आहे. तिथे सगळ्यांचं सगळ्यांकडे लक्ष असतं. गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ती दोघं एका खोलीत रात्रभर का अडकून पडतात ते एका क्षणात कळेल.

---

सांजसावली

+१. संबोधनावरून इराणी दिग्दर्शक किआरोस्तामींचा ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’ (१९९४) सांगायलाच हवा. उत्तर इराणमध्ये १९९० साली मोठा भूकंप झाला, त्यानंतरचा काळ. गावात चित्रीकरण चाललंय आणि गावातलेच दोघं नवरा-बायकोचं काम करतायत. हुसेन गवंडीकाम करणारा, त्याला ताहेरेशी खरोखरच लग्न करायचंय. ती त्याच्याशी कॅमेऱ्याबाहेर चकार शब्द बोलत नाही. संहितेप्रमाणे तिने नवऱ्याला ‘हुसेन आगा’ म्हणायचं असतं. ती नुसतं ‘हुसेन’ म्हणते. पुन्हा टेक. पुन्हा ‘हुसेन’. नवऱ्याला नावाने हाक मारायची की ‘अहो’ म्हणायचं यावर आपल्याकडे किती पिढ्या गेल्या हे ज्याला माहीत आहे, त्याला या टेक्समध्ये काय चाललंय ते समजावून सांगावं लागत नाही.

इराणी चित्रपटांबद्दल एक पार्श्वभूमी असू द्या. १९७९च्या क्रांतीनंतर तिथल्या पडद्यावर स्त्री-पुरुषांनी एकमेकांना स्पर्श करण्यावर बंदी आली. त्यामुळे जवळीक दाखवायला दिग्दर्शकांनी अंतर, दार, चहाचा पेला, चालण्याचा वेग हे वापरलं. मिठीची वाट पाहू नका. कोण कोणाच्या किती पावलं मागे चालतंय ते पाहा.

(शेवटाच्या मांडणीबद्दल. कथा फोडत नाही.) या चित्रपटातला शेवटचा शॉट काही मिनिटांचा आहे आणि तो टेकडीवरून, खूप लांबून घेतलाय. माणसं म्हणजे हिरव्या शेतातले दोन पांढरे ठिपके. मोबाइलवर ते ठिपके दिसतच नाहीत. बऱ्याच जणांना हा चित्रपट ‘अचानक संपला’ असं वाटतं, त्याचं कारण एवढंच. निदान ४० इंची टीव्ही, खोलीत अंधार, आणि शेवटची दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत.

---

रीळ_क्रमांक_दोन

चौथ्या प्रश्नाचं उत्तर.

सबटायटल हळूहळू सरकत जात असतील तर चित्राचा वेग आणि सबटायटल फाइलचा वेग जुळत नाहीत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) बनतो, डिस्कवर तो सहसा २३.९७६ने असतो. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी २५ चौकटींच्या पद्धतीच्या. त्यामुळे एका आवृत्तीत जे ६० मिनिटांत येतं ते दुसरीत साडेसत्तावन्न मिनिटांतच येतं. म्हणजे तासाला अडीच मिनिटांचा फरक. सुरुवातीला तो जाणवत नाही, मध्यंतरापर्यंत नायकाची वाक्यं नायिकेच्या तोंडी दिसू लागतात. प्रेमपटात हे फार वाईट, कारण शांततेवर शब्द येतात आणि शब्दांवर शांतता.

आधी दुखणं ओळखा:

– फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच असेल, तर ती नुसती मागे-पुढे सरकलेली फाइल आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये कीबोर्डवर ‘जी’ आणि ‘एच’ ही बटणं सबटायटल मागे-पुढे करतात, एका दाबाला ५० मिलिसेकंद. एक सेकंदासाठी २० वेळा दाबावं लागेल. जास्त फरक असेल तर टूल्समधल्या ट्रॅक सिंक्रोनायझेशनमध्ये आकडा थेट टाका.

– फरक वाढत जात असेल तर ‘जी’, ‘एच’चा उपयोग नाही. दर दहा मिनिटांनी पुन्हा तेच करावं लागेल. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडा, चेंज फ्रेम रेट निवडा, आधीचा आणि हवा असलेला आकडा द्या, वेगळ्या नावाने जतन करा. पहिलं आणि शेवटचं वाक्य तपासा. दोन्ही जुळली की मधलं आपोआप जुळतं.

– फरक एका ठिकाणी अचानक उडी मारत असेल तर आवृत्तीच वेगळी आहे, कुठला तरी प्रसंग कापलेला किंवा वाढवलेला. ती फाइल सोडून द्या, चित्रपटाच्या लांबीशी जुळणारी दुसरी घ्या.

– अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर फाइलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. हिंदी सबटायटलना हे हमखास लागतं.

ओटीटीवर ही अडचण येत नाही, तिथे वेगळी येते. इंग्रजीचे दोन पर्याय दिसले, एक नुसतं ‘इंग्लिश’ आणि दुसरं ‘इंग्लिश सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन), तर सीसी बऱ्याचदा इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून केलेलं असतं. ओठांच्या हालचालीशी जुळवायला बदललेली वाक्यं असतात ती. मूळ भाषेत ऐकताना नुसतं ‘इंग्लिश’ घ्या. शिवाय सीसीमध्ये ‘हुंदका’, ‘उदास संगीत’ असं कंसात लिहून येतं. हुंदका ऐकू येण्याच्या अर्धा सेकंद आधी तो वाचायला मिळाला की प्रसंग गेलाच. (ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ती सोय फार मोलाची आहे, तिथे सीसीच लावा.)

दोन भाषांमध्ये चालणाऱ्या चित्रपटात सबटायटल बंद ठेवू नका, ‘ऑटो’वरही विसंबू नका. काही ठिकाणी ऑटोवर अर्धे संवाद कोरे जातात.

टीव्हीची एक सेटिंग आजच बंद करा, मोशन स्मूदिंग. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं, पण ‘मोशन’ हा शब्द कुठेतरी असतो. टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या चौकटी घालतो आणि संथ चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, सगळं एकदम जागेवर येतं. सबटायटलचा आकार मध्यम, पांढरं अक्षर, मागे पुसट काळी पट्टी. पिवळं अक्षर वाचायला सोपं, पण मेणबत्तीच्या प्रकाशातल्या प्रसंगात ते चेहऱ्यांपेक्षा ठळक होतं.

---

तिसरी_घंटा

डब की सबटायटल: मूळ आवाज हवाच. वरचं सगळं आवाजात आहे. डबिंगमध्ये नट बदलत नाही पण माणूस बदलतो. ‘यो’ गळून पडणं, ‘शोमा’चं ‘तो’ होणं, मध्येच अडखळणं, सगळं जातं.

एक अपवाद मनापासून मानतो. हिंदी सबटायटल किंवा हिंदी डबिंग असेल तर तिथे ‘आप’, ‘तुम’, ‘तू’ यांपैकी एक निवडावंच लागतं. भाषांतर मूळ भाषेवरून झालेलं असेल तर इंग्रजीत हरवलेलं अंतर हिंदीत परत मिळतं. इंग्रजी संहितेवरून झालेलं असेल तर मात्र पहिल्या भेटीतच ‘तुम’ सुरू होतं आणि सगळा चढ सपाट होतो. पहिल्या पंधरा मिनिटांत अनोळखी माणसं एकमेकांना काय म्हणतात ते पाहा, लगेच कळेल.

---

खिडकीपाशी

क्रमाबद्दल. यादीतल्या पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतात ही सगळ्यात मोठी चूक. त्या याद्या हजारो चित्रपट पाहिलेल्यांनी केलेल्या असतात. माझा सल्ला असा:

आधी ‘पास्ट लाइव्ज’ (२०२३, सेलीन साँग). कोरियन आणि इंग्रजी, त्यामुळे डोळ्यांना अधूनमधून विसावा. वयाच्या बाराव्या वर्षी ताटातूट झालेले दोघं, मग बारा-बारा वर्षांच्या उड्या. यात ‘इन्यन’ हा शब्द येतो. चित्रपट तो इंग्रजीत समजावतो, नशीब वगैरे म्हणतो. तुम्ही तिथे ‘ऋणानुबंध’ वाचा. बौद्ध परंपरेतून आलेली कल्पना आहे, रस्त्यात दोन अनोळखी माणसांचे कपडे एकमेकांना लागले तरी मागच्या जन्मीचं काही असतं, आणि लग्न झालं तर आठ हजार जन्मांचे थर साचलेले असतात. इंग्रजी प्रेक्षकाला हे नव्याने शिकावं लागतं, आपल्याला आजीने सांगितलेलं असतं.

मग ‘फॉलन लीव्ज’ (२०२३, आकी काउरिस्माकी). फिनलंडचा, हेलसिंकीतले दोन कामगार, ८१ मिनिटं. संवाद मोजके, चेहरे कोरे. इथे कोणी भावना दाखवत नाही. दुसरं ताट विकत आणणं हीच कबुली. चेहऱ्यांवरून काही कळत नाही म्हणून घाबरू नका, हात आणि वस्तू पाहा.

मग ‘ख्रिसमस इन ऑगस्ट’ (१९९८, हर जिन-हो). कोरियातल्या कुनसान शहरातला छोटा फोटो स्टुडिओ, तो चालवणारा आजारी माणूस, आणि गाड्यांच्या पार्किंगवर दंड करणारी तरुणी. ती त्याला ‘आजॉशी’ म्हणते. मोठ्या वयाच्या परक्या पुरुषाला म्हणतात ते, आपल्या ‘काका’च्या आसपासचं. सबटायटलमध्ये हा शब्द बहुधा गायब असतो. ऐकू तर येतो. ती तो शब्द कधी चिडून, कधी लाडाने, कधी नुसता वेळ काढायला वापरते, आणि शब्द तोच राहून आवाज बदलत जातो. या चित्रपटात मोठा प्रसंग एकही नाही. वडिलांना व्हिडिओचा रिमोट कसा चालवायचा हे शिकवण्याचा प्रसंग आहे, तो नीट पाहा.

चौथा ‘लव्ह लेटर’ (१९९५, शुंजी इवाई). याच नावाचे पुष्कळ चित्रपट आहेत, शोधताना साल आणि दिग्दर्शक टाकाच. हा जपानी. एक पूर्वसूचना: एकाच अभिनेत्रीच्या दोन भूमिका आहेत, आणि एकाच नावाचे एक मुलगा व एक मुलगी आहेत. पहिल्या वीस मिनिटांत गोंधळ होणारच. कोबे शहरातली हिरोको पत्र पाठवते, ओतारूच्या बर्फातली इत्सुकी उत्तर देते, एवढं कागदावर लिहून ठेवा. (शेवटाजवळच्या प्रसंगाचा उल्लेख.) बर्फात उभं राहून हिरोको ओरडते, ‘ओगेन्की देस का? वाताशी वा गेन्की देस!’ खाली येतं, ‘हाउ आर यू? आय अ‍ॅम फाइन’. वाचून काहीच होत नाही. पण ते पत्रातलं वाक्य आहे. ‘इकडील सर्व क्षेम, आपले क्षेम कळवावे.’ जो माणूस उत्तर देऊ शकत नाही त्याला उद्देशून हे ओरडून म्हटलंय असं ऐका.

पाचवा ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर’ (१९६४, जाक देमी). यातलं प्रत्येक वाक्य गाऊन म्हटलेलं आहे. आपल्या संगीत नाटकात गद्य चालू असतं आणि मध्ये पद येतं. इथे गद्य नाहीच. पहिल्याच प्रसंगात गॅरेजमधला मेकॅनिक गिऱ्हाइकाला इंजिन थंड असताना थोडा आवाज करतंय हेसुद्धा गाऊनच सांगतो. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटतील, ती सोसा. १९५७ला सुरू होतो, नायकाला अल्जीरियाच्या युद्धावर सक्तीच्या लष्करी सेवेसाठी जावं लागतं. प्रस्थान, अनुपस्थिती, परतणं असे तीन भाग आहेत. भिंतींच्या कागदाचे रंग आणि कपड्यांचे रंग जुळवलेले आहेत, रंग कुठे फिके पडतात ते पाहा. संगीतकार मिशेल लग्राँचे सूर फिरून-फिरून येतात. आधी एका नात्याला वाजलेला सूर नंतर कुणासाठी वाजतो, याकडे कान ठेवा.

यानंतर ‘इन द मूड फॉर लव्ह’कडे परत जा. मध्ये किमान एक महिना जाऊ द्या. ‘पोर्ट्रेट...’ त्याच्या आधी किंवा नंतर, कधीही.

आठवड्याला एकच. एका रात्री दोन पाहिले की दोन्हींचे चेहरे मिसळतात. आणि एका चित्रपटासाठी दोन बैठका करू नका. हे चित्रपट साधारण दीड ते दोन तासांचे असतात, त्यांना मध्यंतर नसतं, आणि तणाव हळूहळू साठवलेला असतो. मध्ये जेवायला उठलं की साठा रिकामा होतो.

---

प्राजक्त_सडा

फार उपयोगी. सबटायटलचं दुखणं तिसऱ्या प्रकारचं निघालं, आवृत्तीच वेगळी होती.

अजून एक विचारते. आईलाही हे पाहायची इच्छा आहे. तिला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. ओळ अर्धी वाचते तोवर निघून जाते. वेग ०.७५ करून पाहिला, आवाज घोगरा आणि ओढल्यासारखा झाला. काय करता येईल? आणि हे चित्रपट कुठे उपलब्ध आहेत ते कसं शोधावं?

---

सांजसावली

वेग कमी करू नका. विरामांची लांबीच बदलते, आणि प्रेमपटात विराम हाच मजकूर. त्यापेक्षा:

हिंदी सबटायटल आहेत का ते आधी पाहा. देवनागरी आईंच्या डोळ्यांना सवयीची आहे, वाचनाचा वेग लगेच वाढतो.

नसतील तर कमी बोलणारा चित्रपट निवडा. ‘फॉलन लीव्ज’ उत्तम. ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’मध्ये तर टेकवर टेक होत असल्याने तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. पहिल्यांदा सुटलेली ओळ तिसऱ्यांदा पूर्ण वाचून होते.

सुरू करण्याआधी पाच वाक्यांत मराठीतून सांगा: कोण कोणाचं, गाव कुठलं, काळ कोणता, आणि कोण कोणाला काय हाक मारतं. कथानक सांगून टाकलं तरी या चित्रपटांचं फारसं बिघडत नाही. आधीच माहीत असलं की ओळ वाचायची धडपड थांबते आणि नजर चेहऱ्यावर राहते. पाहताना शेजारी बसून प्रत्येक ओळीचं भाषांतर मात्र करू नका. मूळ आवाज झाकला जातो. फार तर विराम आला की एक वाक्य.

टीव्हीपासूनचं अंतर कमी करा. सबटायटल वाचायला नजर खाली-वर करावी लागते, लांबून ती जास्त दमते. अक्षर एक पायरी मोठं करा, दोन नको, नाहीतर ओळी तीन होतात आणि चेहऱ्यावर चढतात.

---

खिडकीपाशी

कुठे मिळतील: ओटीटीवर हे चित्रपट महिन्यागणिक येतात-जातात, म्हणून इथे लिहिलेलं पुढच्या महिन्यात चुकीचं ठरेल. कोणता चित्रपट कुठे आहे ते दाखवणाऱ्या जस्टवॉच या साइटवर देश ‘भारत’ निवडून नाव टाका. नाव तीन तऱ्हेने टाकून पाहा: इंग्रजी नाव, मूळ भाषेतलं नाव रोमन लिपीत, आणि दिग्दर्शकाचं नाव. फ्रेंच चित्रपट पुष्कळदा मूळ नावानेच नोंदलेले असतात, इंग्रजी नाव टाकलं की ‘उपलब्ध नाही’ दिसतं.

मोठ्या पडद्यावर पाहायचे तर पुण्यात जानेवारीच्या सुमारास होणारा ‘पिफ’ आणि गोव्यात पणजीला २००४पासून भरणारा ‘इफ्फी’ हे चित्रपट महोत्सव, मुंबईत १९६८पासून चालू असलेली प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी. फ्रेंच चित्रपटांसाठी अलियाँस फ्रान्सेज, जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन यांचे कार्यक्रम बघत राहा.

महोत्सवात आईंना नेणार असाल तर जागेचा विचार आधी करा. ज्या सभागृहात जमिनीला पुरेसा उतार नसतो तिथे पुढच्या माणसाच्या डोक्याआड सबटायटलची खालची ओळ जाते. अशा ठिकाणी मधल्या रांगेत पण मार्गिकेलगतची खुर्ची घ्या, समोर डोकं येत नाही. उतार चांगला असेल तर मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेतलं मधलं आसन, तिथून पूर्ण ओळ मान न हलवता दिसते. पहिल्या पाच रांगा टाळा, तिथे चेहरा पाहायचा की ओळ वाचायची यात एकच होतं. आणि खेळाच्या वीस मिनिटं आधी पोचा. अशा चित्रपटांत कोण कोणाला काय म्हणतं हे पहिल्या पाच मिनिटांतच कानावर पडून जातं.